बसून घेतलेला आकडा

मी ऑक्सिमीटर बोलतोय. रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाला चिमट्यासारखा लावतात ना, तोच. कोरोनाच्या साली हनुमानरावांनी मला गेवराईच्या मेडिकलमधून आणलं. तेव्हा उमापुरातली निम्मी गल्ली माझ्यापुढं बोट करून उभी राहायची. साथ ओसरली आणि मी सुई-दोऱ्याच्या डब्यात जाऊन पडलो.

पुन्हा बाहेर निघालो ते वनमालाबाईंसाठी. या हनुमानरावांच्या कारभारीण, शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवायच्या. त्यांना खोकला जडला, वजन उतरलं. टीबी समजून गोळ्या झाल्या, गुण आला नाही. मग बीडच्या डॉक्टरांनी फुप्फुसातला तुकडा तपासायला पाठवला आणि सारकॉइडोसिस निघाला, टीबीसारखाच दिसणारा, फुप्फुसात गाठी करणारा आजार. ते नाव घरात कुणालाच धड घेता येईना. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बाईंचा चेहरा सुजला, पण दोन वर्षांनी छातीच्या फोटोतले डाग गेले. हनुमानरावांनी गल्लीत पेढे वाटले.

धाप मात्र गेली नाही, उलट वाढली. मोठं पातेलं उचललं की बाईंच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. संध्याकाळी पाय सुजायचे. हनुमानराव त्यांना खाटेवर बसवायचे, पाणी द्यायचे आणि थोड्या वेळानं मला बोटाला लावायचे. मी पंच्याण्णव दाखवायचो. त्या घडीला खरंच तेवढं असायचं.

"बघ, पंच्याण्णव हाय. गोळ्यांनी अंग जड झालंय तुझं, दुसरं काई न्हाई."

बिचारे स्वतःचीच समजूत घालत असावेत. पुढं पुढं बाई धाप लागल्याचं सांगेनाशा झाल्या. शाळेतलं काम सोडलं तेही गुडघ्याचं निमित्त करून.

डाग गेले तर दर्शनाला येईन, असा नवस होता. तो फेडायला श्रावणात सगळे दरीतल्या कपिलधारच्या देवस्थानाला गेले. लेक तेजश्रीनं मला पर्समध्ये टाकलं होतं. पायऱ्या उतरून जाणं निभलं, दर्शन झालं. वर येताना मात्र विसाव्या पायरीवर बाई थांबल्या. ओठ निळे पडले होते. मागची माणसं खोळंबली. जरा बसू दे, मग आकडा बघू, असं हनुमानराव म्हणाले.

तेजश्रीनं ऐकलं नाही. उभ्या उभ्याच आईचं बोट माझ्यात घातलं. बोट गार होतं. मला नाडीच सापडेना, नुसत्या रेघा फिरत राहिल्या. मग आकडा आला. अठ्ठ्याहत्तर.

"बाबा, आपण आईला नेहमी बसवूनच मोजलं."

बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि हनुमानरावांच्या अंगावर कोसळल्या.

चार अनोळखी माणसांनी त्यांना उचलून वर आणलं. बीडला ऑक्सिजन लावून हृदयाची सोनोग्राफी केली. पुढं संभाजीनगरला मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजला. मूळ आजारानंच फुप्फुसांकडं रक्त नेणाऱ्या नळ्या आवळल्या होत्या. त्यांतला दाब वाढला होता आणि त्यांच्यात रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकली होती. आधी आणलं असतं तर, असं हनुमानरावांनी विचारलं. लवकर कळायला हवं होतं, आता हातात आहे ते करू, एवढंच डॉक्टर म्हणाले. मी तेजश्रीच्या मुठीत होतो. तिची मूठ घट्ट झाली.

आता बाईंना नव्या गोळ्या आहेत, चालताना नाकाला ऑक्सिजनची नळी आहे. आजार गेलेला नाही, आणि किती दिवस असं निभेल ते मला सांगता येत नाही. मी कधी खोटं बोललो नाही, पण मला विचाराल तेवढंच मी सांगतो. म्हणून हात जोडायला हात नसले तरी विनवतो, दमलेल्या माणसाचं आधी ऐका, मग मला लावा.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं दर रविवारी बाई अंगणात सहा मिनिटं चालतात. मी बोटाला, हनुमानराव शेजारी. गेल्या रविवारी चौथ्या मिनिटाला त्या थबकल्या.

"आता लई झालं. बसते मी."

हनुमानरावांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. खुर्ची पुढं ओढली आणि त्यांना हाताला धरून बसवलं.