उंबरठ्यावरून आलेले पाणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुम्ही जमिनीत रुतलेले आहात. हलता येत नाही, हाक मारता येत नाही, आणि तुमच्या पाठीवरून पाणी घरात शिरते आहे. भीती वाटली ना? मला तर अजून वाटते.

मी एक जुना उंबरठा आहे. टोकावड्याजवळच्या एका घराच्या पुढच्या दाराखाली माझी जागा. ऐनाच्या लाकडातून मला घडवले. सरस्वतीआजी रोज सकाळी मला हळदकुंकू वाहते आणि माझ्यावर कुणाला पाय देऊ देत नाही. बाहेरचा ओटा माझ्याहून चार बोटे खाली होता, म्हणून पावसाचे पाणी कधी आत आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरात लग्न निघाले. ओट्यावर नव्या फरश्या बसवल्या, त्याही जुन्या न काढता. ओटा माझ्या बरोबरीला आला आणि त्याचा उतार अंगणाऐवजी दाराकडे झाला. चंदर सुताराने ते ओळखले. उंबऱ्याला बाहेरून पट्टी ठोकू आणि दाराला खालून रबर लावू, असे तो म्हणाला. आजीने त्याचा हात धरला.

“लक्ष्मीच्या अंगात खिळा मारतो काय रे? तुझ्या घरच्या उंबऱ्यात मार जा.”

“मारलाय, आजी. आमची लक्ष्मी कोरडी बसलेय.”

आजीला ते पटले नाही. रबर तरी लावता आले असते, त्याचे खिळे दारात बसतात. पण आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली आणि तेही राहून गेले. मुलांनो, मला खिळा चालला असता. पावसाळ्याआधी आपल्या ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहा. ते दाराकडे धावले, तर मोठ्यांना तेव्हाच सांगा.

आवणीतलीच ती दुपार. आईबाप शेतावर होते. आजी गुडघे धरून चुलीपाशी बसली होती. छोटा स्वरूप चटईवर झोपला होता. त्याच्या उशाशी, जमिनीवरच, वायरचा बोर्ड होता आणि त्यावर मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. माळशेजकडून तिरपा पाऊस आला. ओटा भरला. दाराच्या फटीतून पाणी माझ्यावरून आत निघाले. आतून लावलेले गोणपाट भिजून गोळा झाले. मी फुगून फट बुजवू पाहिली, पण लाकूड का घडीभरात फुगते?

पाणी बोर्डापासून वीतभरावर आले. स्वरूपच्या नऊ वर्षांच्या बहिणीने, भाग्यश्रीने, ते पाहिले. बोर्ड उचल, असे आजी ओरडली. भाग्यश्रीने हात पुढे केला आणि मागे घेतला.

“हात ओला हाय, आजी. शाळेत बाईंनी सांगितलंय, आधी मेन पाडायचा.”

मेनचा खटका चौकटीशेजारी, तिच्या हातापेक्षा उंच. ती माझ्याकडे पाहू लागली.

“त्याच्यावर पाय नको देऊस गो,” आजी म्हणाली, पण तिचे डोळे बोर्डाकडे सरकणाऱ्या पाण्यावर होते.

भाग्यश्रीने दोन्ही हात फ्रॉकला घासून कोरडे केले. मला वाकून नमस्कार केला. मग दोन्ही पाय माझ्या पाठीवर ठेवून, टाचा उंचावून, तिने खटका खाली ओढला. पंखा थांबला. तिने धावत जाऊन स्वरूपला उचलले, आजीच्या मांडीवर ठेवले, आणि तेव्हा कुठे ती रडायला लागली.