स्वयंपाकघर पलीकडच्या गोलात

आमचं घर आता मैदानाएवढं लांब झालंय. माझी खुर्ची मधल्या रेषेच्या अलीकडे आहे आणि स्वयंपाकघर पलीकडच्या गोलात. भिंतीला टेकून लाइन्समन घोरपडे पिवळं निशाण घेऊन उभे असतात. मी देशाकडून फुटबॉल खेळायचो तेव्हाही तेच असत. शालन, माझी बायको, त्यांना न चुकता चहा देते.

नियम घरातही तोच. रेषेपलीकडे जायचं तर माझ्यापुढे निदान दोन माणसं हवीत. मुलगा घरी होता तोवर तो आणि शालन पुढे असायचे. मी बिनधास्त आत जाऊन ताटावर बसायचो. तो नोकरीला पुण्याला गेला आणि मी कायमचा ऑफसाइड झालो. चेंडू स्वतः घेऊन गेलं तर चालतं. पण मला चेंडू आयुष्यभर दुसऱ्यांनीच आणून दिला. मी नुसता आत ढकलला आणि कोल्हापूरनं मला खांद्यावर घेतलं.

सोमवारपासून शालन तापानं फणफणलीय.

"अहो, गोळ्या आणल्यासा काय?" तिनं लांबून विचारलं.

गोळ्यांचं पाकीट माझ्या हातातच होतं. मी रेषेवर गेलो. पाऊल उचललं की निशाण वर.

"घोरपडे, माणूस आजारी हाय."

"दिसतंय की मला. पण इंगवले, तुम्ही पुढं हाईसा, त्याला मी काय करू?"

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, याचा त्याहून जास्त. पाय स्वस्थ राहीनात. मी रेषेवरच डावीकडे धावलो, उजवीकडे धावलो. तेवढ्यात घर आणखी लांबलं.

"ऱ्हाऊ दे. मीच येते," शालन म्हणाली.

ती भिंत धरून निघाली. ती चालेल तेवढी फरशी पुढे वाढायची. रेषा जवळ आली तशी ती धाप लागून खाली बसली आणि तिनं हात पुढे केला. मी घाबरलो. गोलपुढे असा कधी घाबरलो नव्हतो. मी रेषा ओलांडली.

शिट्टी वाजली.

माझे पाय जागच्या जागी थांबले. मग मी वळलो, गोळ्यांचं पाकीट नाचवत घोरपड्यांवर धावून गेलो आणि मी ऑफसाइड नव्हतोच म्हणून भांडू लागलो. मागे शालन हात तसाच धरून बसली होती, आणि भिंतींपलीकडून अख्खी पेठ माझ्या बाजूनं ओरडत होती.