तीन अक्षरं, शेवटी ल

एका मिनिटात ‘क’पासून सुरू होणारे जितके शब्द आठवतील तितके सांगायचे, असं स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टर डचमध्ये म्हणाल्या. समतानं ते आईला मराठीत सांगितलं आणि टेबलावरचं घड्याळ सुरू झालं.

“कमळ,” आई म्हणाली. “कडबा. करवत.”

मग थांबली. ओठ हलले, ‘का’ असं काहीतरी तोंडाशी आलं, ते तिनं गिळून टाकलं. “कळस.” परत काहीतरी गिळलं. “कणीक.”

हीच का ती नीलाबाई, जी दर शनिवारी चौकटीच्या वहीत मराठी शब्दकोडं आखते आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकून सबंध नेदरलँड्समधल्या मराठी माणसांचा रविवार खराब करते? उत्तर विचारायला कुणी फोन केला तर जिचा पारा चढतो? त्या बाईला मिनिटभरात ‘क’चे दहा शब्दही सुचू नयेत?

असेच आणखी चार आले आणि मिनिट संपलं. नऊ झाले होते. डॉक्टरांनी कागदावर नऊ लिहिलं आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. असा कोरा चेहरा समताला ओरडण्यापेक्षा जास्त झोंबला.

या नऊ शब्दांवर एक घर टांगलं होतं. दादाराव, म्हणजे समताचे बाबा, अठ्ठावीस वर्षांपूर्वी बियाण्यांवर संशोधन करायला नेदरलँड्समधल्या वाखनिंगन गावी आले आणि तिथंच त्यांनी लहानसं घर घेतलं. ते गेल्यापासून आई तिथं एकटी राहायची. पण गेल्या दोन महिन्यांत दोनदा गॅसवर दूध करपलं. एकदा आई सायकलवरून भलत्याच गल्लीत शिरली आणि लोकांच्या दाराला आपली किल्ली लावत बसली. बेस्ट नावाच्या गावात राहणाऱ्या सुयशनं, समताच्या धाकट्या भावानं, लगेच आपल्याकडची एक खोली रंगवून घेतली.

“प्रॅक्टिकल हो, ताई,” तो फोनवर म्हणाला होता. “ते घर विकू आणि तिला इकडे आणू. हां, टेस्टमध्ये सगळं ओके निघालं तर मी एक अक्षर बोलणार नाही.”

आईला घर सोडायचं नव्हतं. तिनं ते एकदाच सांगितलं आणि परत विषय काढला नाही, म्हणून समताला जास्त वाईट वाटत होतं.

परीक्षा मातृभाषेत हवी, यावर डॉक्टर ठाम होत्या. आईचं डच दुकानापुरतं, बसपुरतं आणि शेजारणीपुरतं. फोनवर दुभाष्या मिळाला तो हिंदीचा. “हिंदीत मला फक्त रिक्षावाल्याशी भांडता येतं,” आई म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली. शेवटी डॉक्टरांनी नाइलाजानं समताला परवानगी दिली. ऐकायचं तेवढंच सांगायचं, मदत करायची नाही, हे मात्र दोनदा बजावलं.

कमळ, कडबा, करवत, कळस, कणीक. समता मनातल्या मनात यादी घोळवत राहिली आणि एकदम सरळ बसली. नऊच्या नऊ शब्दांत एकही ‘का’ नव्हता. ‘की’ नव्हता, ‘कु’ नव्हता, ‘के’ नव्हता.

कोड्यात ‘क’च्या घरात ‘का’ बसत नाही. समता दहा वर्षांची असताना तिनं तसा शब्द दडपून बसवला होता, तर आईनं खोडरबर घेऊन तो तिच्यासमोर पुसला होता. मात्रा चोरायची नाही म्हणाली होती. आणि आता इथं, घर पणाला लागलेलं असताना, बाईसाहेब नियमानं खेळत होत्या. समताला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

तिनं डॉक्टरांना चौकोन काढून दाखवले. हा क, हा का, हा कि. आमच्याकडे ही वेगवेगळी घरं. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. लेकींनी आयांसाठी शोधलेली कारणं त्यांनी पुष्कळ ऐकली असावीत.

“बरं,” त्या म्हणाल्या. “दुसरं अक्षर घेऊ. प. सगळी घरं चालतील.”

“मात्रा चालेल?” आईनं विचारलं. “आधी नाही का सांगायचं?”

मग ती बाराखडीच्या पायऱ्या उतरत सुटली. पळस, पाट, पितळ, पीठ, पुरण, पूर, पेरू, पैज, पोळी, पौर्णिमा, आणि परत वरून. घड्याळ वाजलं तेव्हा सव्वीस झाले होते आणि आई ‘पोपट’वर नाराजीनं थांबली. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. सुयशला काय मेसेज टाकायचा ते समतानं ठरवूनही टाकलं.

“आता सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेले पाच शब्द,” डॉक्टर म्हणाल्या.

“उशी,” आई म्हणाली. “लिंबू. शिट्टी. घोडा.”

समता एकेक शब्द डचमध्ये सांगत गेली. पाचवा शब्द होता कंदील.

आईनं डोळे मिटले. बोटानं टेबलावर चौकोन काढला, पुसला, परत काढला. अर्धं मिनिट गेलं.

“अंधारात हातात धरून नेतात,” आई हळूच म्हणाली. “काच असते त्याला. वाऱ्यानं विझत नाही. तीन अक्षरं आहेत, शेवटी ल.”

डॉक्टरांनी समताकडे पाहिलं. “काय म्हणाल्या?”

समता खोटं बोलणारी बाई नव्हे. पण आईला सगळं तर माहीत होतं. काच, वारा, अक्षरं, सगळं. नुसतं नाव राहिलं होतं. एवढ्याशा नावासाठी घर घालवायचं?

“लान्तार्न,” समता म्हणाली; कंदीलच, डचमध्ये.

डॉक्टरांनी पाचव्या शब्दापुढे खूण केली.

आईचे डोळे उघडले. शेजारणीपुरतं का असेना, डच तिला येत होतं. कंदील आठवत नसला, तरी काहीतरी उत्तर दिलं गेलं एवढं तिला नक्की कळलं.

“समता,” ती म्हणाली, “मी कोडं घातलं. उत्तर तू भरलंस.”

“आई, प्लीज.”

आईनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती डॉक्टरांकडे वळली आणि मोडक्यातोडक्या डचमध्ये, एकेक शब्द तोलत म्हणाली, “हा शब्द माझा नाही. तिचा आहे. खोडा.”

डॉक्टरांनी खूण खोडली आणि समताला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर बसून समतानं स्वतःला जितक्या शिव्या देता येतील तितक्या दिल्या. आता ‘क’ची गोष्टही खोटी ठरणार. आईची चोख बाजू तिनं आपल्या हातानं बुडवली होती. फोनवर सुयशचा मेसेज आला, ‘काय झालं?’ तिनं उत्तर लिहिलं, पुसलं, फोन उलटा ठेवला. आत आई आपलं दुकानापुरतं डच घेऊन एकटी बसली होती.

वीस मिनिटांनी आई बाहेर आली, कोटाची बटणं नीट लावून.

“काय म्हणाल्या?”

“दुधाचं विचारलं. मी सांगितलं, दोनदा नाही, तीनदा.”

तिसऱ्यांदाचं समताला माहीतच नव्हतं. तिनं कपाळाला हात लावला.

“गॅस काढा म्हणाल्या, आपोआप बंद होणारी शेगडी बसवा. आठवड्याला एक बाई बघायला येईल. सहा महिन्यांनी परत परीक्षा.”

“आणि तोवर?”

“तोवर माझ्या घरी.”

समताला विश्वास बसेना. “मी लबाडी केली तरी?”

“तू केलीस म्हणूनच,” आई म्हणाली. “आपल्याला आठवत नाही हे ज्याला कळतं, त्याला अजून एकटं राहू देता येतं, असं म्हणाल्या. पुढचं माहीत नाही, असंही म्हणाल्या. तेही ऐकून ठेव.”

बसमध्ये आई खिडकीशी बसली. समतानं सुयशला सगळं कळवलं, आपल्या लबाडीसकट. त्याचं उत्तर आलं नाही; तो दिल्या शब्दाप्रमाणे एक अक्षर बोलला नव्हता. आईचं बोट काचेवर चौकोन काढत होतं, तीन चौकोन, एकाला एक लागून. तिसऱ्यात तिनं ल लिहिला. पहिले दोन रिकामेच होते. समतानं तोंड उघडलं.

“सांगू नकोस,” आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. “येतंय.”

समताला रडू आलं, ते तिनं दाबलं, आणि शब्दही तोंडातच धरून ठेवला. शेतं गेली, घरं लागली. आपला थांबा जवळ येताच आईनं हात उंचावून बटण स्वतः दाबलं. पहिली दोन घरं अजून रिकामीच होती.