समोरच्या खिळ्यावरची किल्ली

मी एक जादा किल्ली बोलतेय. स्वभावाने संशयी आहे, आधीच सांगते. माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवला असता तर आम्हाला कुणी घडवलंच नसतं, त्याला मी काय करू?

माझं दार लॅचचं. ओढलं की बंद. माझा मालक बस चालवतो, मालकीण नर्स. तो एका धर्माचा, ती दुसऱ्या धर्माची. लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी त्यांचं नाव टाकलं. त्यात दोघंही पक्की विसरभोळी. किल्ली आत नि स्वारी बाहेर, हे नेहमीचंच. म्हणून इमारतीच्या रिवाजाप्रमाणे मला समोरच्या मावशीकडे ठेवलं. प्रत्येकाची जादा किल्ली समोरच्याकडे, दारामागच्या खिळ्यावर. मावशी घरी बसून शर्टांना काजं करून देते. तिचा धर्म तिसराच. मला काही तिचा भरवसा वाटत नव्हता. फुकटात कोण कुणाचं घर सांभाळतं?

मग सरकार पडलं. रस्त्यावर टायर जळाले, गल्लोगल्ली समित्या निघाल्या, आणि कोण कुठल्या धर्माचा याची चौकशी सुरू झाली. इमारतीतले लोक आपापल्या किल्ल्या परत न्यायला लागले. तोंडावर कोण कशाला खरं बोलेल? सगळ्यांचं एकच, "पाहुणे यायचेत, किल्ली लागेल." संचारबंदीत म्हणे पाहुणे! शेवटी खिळ्यावर मी एकटीच उरले.

एका दुपारी मावशीचा भाचा आला. दंडावर समितीची पट्टी. मावशीने दार सताड उघडलं, इतकं की मी दार नि भिंतीमध्ये चेंगरले.

"आत्या, समोरची किल्ली तुझ्याकडे असते ना? असली मिश्र घरं बघायचीत आम्हाला."

सख्ख्या भाच्यापुढे शेजारी कोण लागून गेले? आता कुंपणच शेत खाणार.

"कधीच नेली त्यांनी," मावशी म्हणाली. "सगळ्यांनीच नेल्या. हल्ली कोण कुणावर विश्वास ठेवतं, बाबा? बस, चहा टाकते."

भाच्याला पटलं. न पटायला काय झालं, जिकडेतिकडे तेच चाललं होतं. चहा पिऊन तो गेला आणि मावशी भिंतीला धरून खाली बसली.

पण त्याला जिना उतरताना मालकिणीने पाहिलं. संध्याकाळी ती आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. एरवी थेट स्वयंपाकघरात शिरणारी बाई.

"मावशी, किल्ली हवी होती. पाहुणे यायचेत."

अगं मावशी, सांगून टाक ना तिला दुपारचं, मी जीव तोडून मनातल्या मनात म्हणत होते. तिने नाही सांगितलं. मला खिळ्यावरून काढलं, मालकिणीच्या हातावर ठेवलं.

"तुमच्याकडे माझ्याशिवाय कोण येतं गं?" एवढंच म्हणाली.

मालकीण मला मुठीत धरून परत फिरली.

आता मी तिच्या खणात चमच्यांच्या गर्दीत पडून असते. ती खण उघडते, माझ्याकडे बघते, पुन्हा लावून टाकते. मावशीने त्या दुपारी भाच्याला काय सांगितलं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि मला वाचा नाही. बाई, संशय घ्यायला मी आहे की. तू मला उचल, समोर जा. मावशी अजून दार उघडेल. पण हल्ली मालकीण दिवसासुद्धा आतून कडी लावून घ्यायला लागली आहे.