प्रवाळाच्या पाण्याची कुपी

मी एक जुनी काचेची कुपी आहे, मित्रांनो. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढी, पण तोरा विचारू नका! नागपुरात, सक्करदऱ्याला मेघाताईंच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात एक जांभळं प्रवाळ राहतं. त्याचं पाणी तपासणं हे माझं काम.

मी भट्टीत तापून घडले आणि अंगावर मापाची पांढरी रेघ मिरवत या घरी आले. दर रविवारी मेघाताई माझ्यात टाकीतलं पाणी घ्यायच्या, औषधाचे थेंब टाकायच्या आणि मी रंग बदलून खरं काय ते सांगायची. प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांचा संसार. आपलं दगडी घर ते स्वतःच बांधतात. त्यासाठी पाण्यात कॅल्शियम लागतं आणि अल्कलिनिटीही, म्हणजे विरघळलेले कार्बोनेट क्षार. विटाही हव्यात आणि सिमेंटही. बोटभर तुकड्याचं प्रवाळ पाहता पाहता ओंजळभर झालं. पाहुण्यांना मेघाताई ते दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हे सारं या कुपीमुळं हं!" मग मी का नाही फुगणार?

पुढे दोन नळ्यांचं यंत्र आलं. एकीतून कॅल्शियम, दुसरीतून अल्कलिनिटीचं द्रावण, सगळं आपोआप. माझी रवानगी खणात, सुटे सेल आणि सेफ्टीपिनांच्या शेजारी. फार वाईट वाटलं.

मे महिन्यात प्रवाळ फिकं पडू लागलं. मेघाताईंचे सासरे देवाजी हाडांसाठी रोज कॅल्शियमची गोळी घेतात. ते म्हणाले, "पोरी, याचीबी हाडं कमजोर होऊन राह्यली. मले गोळीनं गुण आला. याले कॅल्शियम वाढवून दे."

मेघाताईंनी मापाबाहेर कॅल्शियम ओतलं. दुसऱ्या दिवशी आणखी. पाणी चुना कालवल्यासारखं पांढरं झालं.

"बाबा, हे तं मरून जाईन आता!" मेघाताई रडकुंडीला आल्या.

देवाजी हिरमुसले. "पण काहून? ते कुपी कुठं हाय? तिले तरी इचार."

खण उघडला! मला धुतलं, पुसलं, आणि मी सत्य सांगितलं. कॅल्शियम उतू जात होतं, अल्कलिनिटी पार तळाला गेली होती. यंत्राची दुसरी नळी क्षाराने बुजली होती हो! विटांचा ढीग लागला आणि सिमेंटचा पत्ता नाही. वर ओतलेल्या कॅल्शियममुळे उरलीसुरली अल्कलिनिटीही पांढरी भुकटी होऊन खाली बसली होती.

नळी साफ झाली. थोडं पाणी बदललं. अल्कलिनिटी वाढवली तीही घाई न करता, रोज थोडी थोडी आणि रोज मला विचारून. पाणी निवळलं, रंग परतला आणि एका सकाळी प्रवाळाच्या टोकाटोकावर कोवळे कोंब दिसले.

"जगलं वं पोरी, जगलं! वाढून राह्यलं!" देवाजींनी अख्खी गल्ली जागी केली. मेघाताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मी जिंकले होते, मित्रांनो!

आता दर रविवारी देवाजीच मला उजेडात धरतात. तुम्हीही ज्याच्यावर जीव लावाल, त्याला काय कमी आहे ते आधी पाहा, मग ओता. नुसत्या मायेने अंदाज बरोबर येत नाही. आणि काम झालं की माझ्यासारखीला विसळून पालथी ठेवा. जिला खरं सांगायचं असतं, तिला आतून स्वच्छ राहावं लागतं.