थांबवता येणारे घड्याळ

मी एक जुने लंबकाचे घड्याळ आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हॉलंडच्या हार्लिंगन बंदरात, उत्तर समुद्रातल्या मासेमारीच्या कराराचे जे सभागृह आहे, त्याच्या भिंतीवर माझे सगळे आयुष्य गेले. इतक्या उंचावरून मला प्रत्येकाचे टक्कल दिसते, पण टेबलाखाली कोण कुणाच्या पायाला पाय लावतो ते दिसत नाही. मग संशय येणारच की.

जवळच्याच गावातल्या एका कारागिराने मला ओकच्या लाकडात घडवले आणि माझ्या डोक्यावर दोन जलपऱ्या बसवल्या. सहा देशांनी करार केला, तेव्हा बंदराच्या लोकांनी मला भेट म्हणून इथे टांगले. साखळी ओढून वजन वर चढवले की मी चालतो. सभा असली की हे काम डेन्मार्कचा प्रतिनिधी आस्गर लिंडहोल्ट करी. कुणी सांगितले नव्हते, पण कोट काढायच्या आधी तो माझी साखळी ओढायचा.

त्या सभागृहात एक वहिवाट होती. कुणी किती मासे धरायचे हे वर्ष संपायच्या आत ठरवावे लागे, आणि ते कधीच ठरत नसे. मग आस्गर खुर्चीवर चढून माझा लंबक हाताने धरी. घड्याळ थांबले म्हणजे मुदत संपलीच नाही, असे सगळे मिळून मानत. साखरपाव खात, भांडत, दोन-तीन दिवसांनी त्यांचे जमले की मला पुन्हा चालू करत. माझे केवढे कौतुक व्हायचे! मीही फुशारून जायचो. खोटे बोलण्यासाठी आपल्याला वापरतात, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही.

पुढे डेन्मार्कमध्ये निवडणूक झाली. नव्या मंत्र्यांनी भाषणाच्या भरात शब्द दिला होता, तो पाळायला त्यांनी करार सोडत असल्याची नोटीस धाडली. बाहेर पडण्याचा नियम करारात होता, पण कुणी नीट वाचला नव्हता. लग्नाच्या मांडवात काडीमोडाचे कलम कोण वाचतो? नियम असा होता : नोटीस दिली की ठरलेल्या मुदतीनंतर तो देश बाहेर, बोलणी पुरी होवोत न होवोत. मुदत वाढवायची तर उरलेल्या पाचही देशांचा होकार हवा. आणि ते पाच जण आपसात बोलत असताना जाणाऱ्याने दाराबाहेर थांबायचे.

आस्गरला हे जाणे पसंत नव्हते, तरी बोलणी करायला त्यालाच पाठवले. तो थुबोरोन गावचा. त्याची मुलगी सिग्ने तिथे मासेमारीची बोट चालवते. त्या गावाची चूल पेटते ती 'म्हातारीची पाठ' नावाच्या उथळ पाण्यातल्या माशांवर, आणि ते पाणी पडते दुसऱ्यांच्या हद्दीत. काही न ठरता मुदत संपली, तर थुबोरोनच्या बोटींना परक्यांचे सगळेच पाणी बंद होणार होते.

पूर्वी सहाही जणांना घाई असायची. आता घाई एकट्यालाच होती. बाकीचे फार गोड वागू लागले, आणि मला पहिला संशय आला तो तिथेच. ते आस्गरच्या गुडघ्याची चौकशी करत, त्याला पुन्हा कॉफी देत, आणि मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलत. नुसते बसून राहिले तरी त्यांचे काही बिघडत नव्हते.

पण आस्गरही निर्धास्त होता, आणि तो माझ्यामुळे. फोनवर तो मुलीला म्हणायचा, "काळजी करू नकोस पोरी. शेवटच्या दिवशी घड्याळ थांबवतात. आजवर थांबवलंय." ते ऐकून माझ्या काट्यांना कापरे भरे.

शेवटच्या दिवशी दुपारी त्याने खुर्ची ओढून माझ्याखाली आणली. हॉलंडची प्रतिनिधी आणि सभेची अध्यक्षा वीत्स्के हुकेमा त्याला वर्षानुवर्षे नावाने हाक मारत आलेली. त्या दिवशी ती म्हणाली, "खाली उतरा, लिंडहोल्टसाहेब."

"वीत्स्के, दरवर्षी थांबवतो आपण."

"ते इथं राहणाऱ्यांसाठी. तेव्हा वेळ सगळ्यांनाच हवा असायचा, आज तो एकट्या तुम्हाला हवाय. सगळ्यांना विचारावं लागेल. आणि तोवर तुम्ही बाहेर."

तो गेला. दार लागले. चौघांनी लगेच होकार दिला, आणि मला माझ्या संशयाची लाज वाटली. मग आयर्लंडचा कॉर्मक डेव्हेनी कॉफीत साखर ढवळत म्हणाला, "आमचीही ना नाही. पण फुकट कशाला? म्हातारीच्या पाठीवरचा त्यांचा मासेमारीचा वाटा आम्हाला मिळू दे." बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिले. फुकट दिलेला होकार चौघांनाही बोचू लागला. एकेकाने आपापली मागणी पुढे केली. वीत्स्केनेसुद्धा.

तेव्हा मी जन्मात केले नव्हते ते केले. माझा लंबक मीच आवरून धरला. टिकटिक बंद झाली. कुणीही वर पाहिले नाही. वीत्स्केने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि म्हणाली, "वेळ होत आली. बोलवा त्यांना आत."

त्या क्षणी मला सारे कळले. वेळ कधी आस्गरच्या हाताने थांबलीच नव्हती. सहा जणांच्या होकाराने थांबत होती, मी नुसते निमित्त होतो.

आस्गरने मागण्या वाचल्या. नाही म्हणावे तर सगळे पाणी जात होते. त्याने सही केली. एका हंगामाची मुदत मिळाली आणि म्हातारीची पाठ गेली. सगळे उठून गेल्यावर त्याने सिग्नेला फोन करून ते सांगितले. मग तिने काय विचारले ते मला ऐकू आले नाही, पण आस्गरने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"थांबलं होतं गं," तो म्हणाला. "पण एकटंच."

त्याने माझी साखळी ओढली, लंबकाला बोट लावले आणि कोट घालून निघून गेला.

मित्रांनो, आता रखवालदाराला आठवण झाली तर मला चाल मिळते. माझे एवढेच मागणे आहे. 'शेवटी बघू, घड्याळ थांबवू' असे कुणी म्हणाले, तर खुर्चीवरून उठायच्या आधी विचारा, त्यासाठी कुणाकुणाची मान हलावी लागते. आणि माझी साखळी तेवढी ओढत जा. मी थांबलो म्हणून आता कुणाचीच मुदत वाढत नाही.