पाच हा चारपेक्षा मोठा

मित्रांनो, या जगात जे काही पुढे जाते ते माझ्यामुळे जाते. मागेही माझ्यामुळेच जाते, पण ते लातुरात कुणी फलकावर रंगवत नाही. मी एका जुन्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीचा गिअरबॉक्स आहे.

माझा जन्म विलायतेतला. हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या मुलाने ही गाडी आणली आणि हौस फिटल्यावर लातूरचे आडतदार गुरुपादप्पा यांना विकली. माझ्या पोटात पितळेच्या कड्या असतात. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या दोन चाकांना आधी एका गतीवर आणायचे आणि मग जोडायचे, हे त्यांचे काम. त्या आहेत तोवर मी आहे. गंधक त्यांना खातो. ज्या तेलाच्या डब्यावर ‘जीएल ४’ लिहिलेले असते त्यात तो बेताचा असतो. ‘जीएल ५’मध्ये भरपूर असतो, कारण ते मागच्या आसावरच्या पेटीचे तेल आहे आणि तिथे पितळ नसते. एवढेच शास्त्र आहे. पाठ करू नका, परीक्षेत येत नाही.

गुरुपादप्पा नेहमी चारच घालत. आधी गाडी फिरवून तेल कोमट करायचे. तेल भरायचा वरचा बोल्ट उघडतो का ते बघायचे, मगच जुने तेल काढायचा खालचा सोडायचा. नवे तेल वरच्या भोकातून ओघळू लागले की थांबायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आम्ही किल्लारीच्या बाजूला पाण्याचे कॅन आणि घोंगड्या नेत होतो. चिखलात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. “बुटकी हाय, पर येती बिचारी,” एक म्हातारी म्हणाली. आयुष्यात माझी स्तुती तेवढीच झाली. त्याच रस्त्याने ढिगाऱ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेणारेही येत. ऊन लागले की आमच्या गाडीला टेकून सरबत पीत.

मग क्लासेसचे दिवस आले. गुरुपादप्पांचे चिरंजीव संगमेश्वर सर फिजिक्स शिकवू लागले. गाडीवर भोंगा बसला, बॉनेटवर गुणवंतांचे फोटो चिकटले. तेल बदलायची वेळ आली तेव्हा सर नवा डबा घेऊन आले.

“पाच कशाला आणलास? चार घाल,” अप्पा म्हणाले.

“का?”

“का म्हंजे? चार म्हंजे चार!”

“अप्पा, पाच चारपेक्षा मोठं असतंय का न्हाई?”

“असतंय.”

“मग झालं. कमी मार्काचं काहीच आपल्या दारात नको.”

सरांच्या पत्नी मंजुश्री दारातूनच म्हणाल्या, “गिअरबॉक्सला मेडिकलला घालायलाव का?”

सरांनी आधी खालचाच बोल्ट सोडला. जुने तेल निघून गेले आणि मग वरचा बोल्ट काही उघडेना. तेव्हा त्यांनी गिअरचा दांडा उपसला आणि तिथूनच डबा उपडा केला. पुरवण्या जास्त जोडल्या की मार्क जास्त पडतात, ही श्रद्धा. सडक्या अंड्यांचा वास माझ्या पोटात कायमचा राहायला आला. जास्तीचे तेल सीलमधून ठिबकू लागले. मुले नाकाला रुमाल लावून वर्गात जात.

दोन उन्हाळे गंधक कड्या चाटत राहिला. एकदा सरांनी खाली गळलेला थेंब बोटावर घेतला. “बघा अप्पा, कसं सोन्यावाणी चमकायलंय!” मित्रांनो, त्या माझ्या कड्या होत्या.

पुढे चाकूरची राजश्री बोर्डात आली. तिचे फिजिक्स सरांकडे झाले होते आणि केमिस्ट्री समोरच्या क्लासमध्ये. त्यामुळे ती दोघांचीही होती. मिरवणुकीत ज्याच्या वाहनातून ती चौकात पोहोचेल त्याचा फोटो पेपरात येणार आणि पुढच्या वर्षीचे प्रवेशही त्यालाच मिळणार. सरांनी तिला पहाटेच घरून उचलून आणले होते. माझ्यावर गुलाल पडला, झेंडूचा चिखल झाला. कुणीतरी माझ्या झाकणावर गुटख्याची पिंक टाकली.

पहिला गिअर पडला. दुसऱ्याला सरांनी दांडा ओढला आणि मी जो आवाज काढला तो ताशेवाल्यांना ताल वाटला. त्यांनी तो धरला. सरांनी पुन्हा ओढला. ताशेवाले खुश. आता पहिलाही पडेना, गाडी जागची हलेना. तेवढ्यात समोरच्या क्लासची जीप शेजारी येऊन थांबली.

“सर,” राजश्री हळूच म्हणाली, “मी तिकडं बसू का? ती जीप चालू हाय.”

“आन् आपलं फिजिक्स?”

“ते झालं की, सर,” असे म्हणून ती उतरली.

नंतर मला उघडले. कड्यांचे दात गेले होते. तसल्या कड्या लातूर-नांदेडात नाहीत, विलायतेहून मागवाव्या लागतील, असे कळल्यावर सरांनी झाकण परत लावले. तेव्हा मित्रांनो, यंत्राला काय लागते ते विचारून घाला, आकडा बघून घालू नका.

आता दर निकालाला गाडी मिरवणुकीत असते. अकरावीची मुले ती मागून ढकलतात. मी न्यूट्रलमध्ये असतो.